गुलालाची रेघ : चार हार्डटेल सायकलींवर जोतिबा ते पावनखिंड

डिसेंबरात आम्ही चौघं निघालो. मी, माझे दाजी, त्यांचा मुलगा म्हणजे माझा भाचा, आणि प्राथमिक शाळेत शिकवणारे आमचे सर. चौघांच्याही सायकली ॲल्युमिनियमच्या हार्डटेल. पुढं फोर्कला शॉकअप, मागं काही नाही, मागचं चाक थेट फ्रेमला. कोल्हापुरात रस्त्यापेक्षा रानात सायकल चालवणारे बहुतेक जण असल्याच सायकली वापरतात. किंमत झेपते, सांधे कमी, पावसाळ्यात गंज धरत नाही. माझी आठ वर्षं जुनी आहे आणि ती अजून मला सोडवत नाही.

मी उद्यमनगरात ॲल्युमिनियम कास्टिंगच्या हीट ट्रीटमेंटचं काम करतो. दिवसभर भट्टी, पाण्याची टाकी आणि हार्डनेसचं मशीन. या प्रवासात त्या कामाचा संबंध येईल असं घरातून निघताना वाटलं नव्हतं.

पहिला दिवस : कोल्हापूर, जोतिबा, पन्हाळा

पहाटे साडेपाचला गंगावेशला जमलो. कट्ट्यावर म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाळ पेला हातात. थंडीत ते कोमट दूध पोटात गेलं की दुसरं काही लागत नाही. सर दोन पेले प्यायले. शिवाजी पुलावर आलो तेव्हा पंचगंगेवर धुकं होतं, घाट दिसत नव्हता, नुसती देवळाची शिखरं वर आलेली.

केर्लीपर्यंतचा रस्ता डांबरी आणि ऊसवाल्या ट्रॅक्टरांचा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, मागं दिवा असेलच असं नाही. अंधारात त्यांच्या शेजारनं जायचं म्हणजे जीव मुठीत. ते अंतर आम्ही एकामागं एक, न बोलता काटलं.

केर्लीहून जोतिबाचा डोंगर लागला. इथं हार्डटेलचं सुख कळतं. उभं राहून पेडल मारलं की पायातलं बळ सरळ मागच्या चाकाला जातं. मागं शॉकअप असलेल्या सायकलीवर चढाला जे बसणं-उठणं जाणवतं, ते इथं नाही. ॲल्युमिनियम हा धातू खरं तर लवचिक. पोलादाच्या मानानं त्याचा ताठपणा एक तृतीयांशच, पण वजनही साधारण एक तृतीयांश. म्हणून फ्रेम बनवणारे नळ्या जाड घेराच्या करतात. घेर वाढला की ताठपणा झपाट्यानं वाढतो, आणि भिंत पातळ ठेवता येते. जुन्या पोलादी सायकलीची नळी अंगठ्याएवढी आणि आमच्या डाउन ट्यूबचा, म्हणजे हँडलकडून पेडलकडं उतरणाऱ्या नळीचा, घेर मनगटाएवढा, तो यामुळं.

देवळापाशी दहाच्या सुमाराला पोचलो. दर्शन झाल्यावर दाजींनी मूठभर गुलाल घेतला आणि "चांगभलं" म्हणत चारही सायकलींना लावला. नवी गाडी असो की जुनी, जोतिबाला आणली की गुलाल लागतोच. हँडलला, टॉप ट्यूबला म्हणजे वरच्या आडव्या नळीला, सीटखाली. वाऱ्यानं तो फ्रेमच्या सगळ्या खाचांत जाऊन बसला. भाच्याच्या साखळीच्या ग्रीसमध्येही मिसळला, तो पुढं दोन दिवस कुरकुरत होता.

दानेवाडीकडून वाघबीळला उतरलो आणि पन्हाळ्याच्या चढाला लागलो. त्या चढावर दाजींच्या सायकलीतून आवाज येऊ लागला. कट्. मग थोडा वेळ काही नाही. परत कट्, कट्. सर म्हणाले, "बीबी गेली." माझंही तेच मत. हार्डटेलमध्ये चढावर आवाज आला की शंभरातले नव्वद जण बीबीवर, म्हणजे बॉटम ब्रॅकेटवर, पेडलच्या दांड्या जिथं फिरतात त्या बेअरिंगवर बोट ठेवतात. मी ऍलन की काढली, क्रँकचे बोल्ट आवळले, पेडल आवळली. आवाज कमी झाल्यासारखा वाटला. तसं वाटलं म्हणून मी पुढं बघितलं नाही, ही त्या दिवशीची माझी चूक.

पन्हाळ्यावर तीन दरवाजा आणि अंबरखाना बघून झाला. पुसाटी बुरुजाकडं सूर्य मावळेपर्यंत थांबलो. रात्री झुणका-भाकरी खाल्ली आणि नऊलाच झोपलो.

दुसरा दिवस : पन्हाळा, मसाई पठार, करपेवाडी

सकाळी राजदिंडीच्या वाटेनं सायकली खांद्यावर घेऊन उतरलो. १६६० च्या जुलैमध्ये, सिद्दी जौहरचा वेढा पडलेला असताना, महाराज भर पावसात रात्री याच बाजूनं गडाबाहेर पडले. आम्ही कोरड्या हवेत, उजेडात, पोटभर खाऊन चाललो होतो आणि तरी पाय घसरत होते. सर मुलांना हा धडा दरवर्षी शिकवतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर चढलो. वर पोचल्यावर जे दिसतं ते मला दर वेळी नवं वाटतं. सपाट जांभा, त्यावर वाळून सोनेरी झालेलं गवत, आणि कडेला एकदम तुटलेला डोंगर. भाद्रपदात इथं फुलांचा गालिचा असतो. पठार संवर्धन राखीव आहे, त्यामुळं आम्ही मळलेली गाडीवाट सोडली नाही. कोरड्या दिवसांत गवताखाली काही दिसत नसलं तरी पुढच्या पावसाळ्याचे कंद तिथंच असतात. सायकलवाल्यांनी एवढं पाळायलाच हवं.

जांभ्यावर हार्डटेल चालवणं म्हणजे काय ते सांगतो. लांबून दगड सपाट दिसतो, पण तो पोळीसारखा सपाट नसतो, पोळ्यासारखा असतो, मधमाश्यांच्या. भोकं, टेंगळं, धारदार कडा. पुढचा शॉकअप हातांना वाचवतो. मागचा प्रत्येक दणका कमरेत येतो. ॲल्युमिनियमची हार्डटेल हाडं खिळखिळी करते अशी तक्रार कायम ऐकू येते. माझा अनुभव असा, की त्यातली निम्मी तक्रार हवेची असते. भाच्याच्या टायरमध्ये ४० पीएसआय होती. मसाईच्या देवळापाशी मी ती मागं २६ आणि पुढं २३ वर आणली. त्याचं टायर सव्वादोन इंची आणि ट्यूबलेस, वजन साठ किलो, त्याला तेवढी पुरे. पाच मिनिटांनी तो मागं वळून ओरडला, "मामा, सायकल बदलली काय?" उरलेली निम्मी तक्रार बसण्याच्या सवयीची. हार्डटेलवर खडकात बसून राहायचं नसतं. पेडल आडवी, गुडघे सैल, ढुंगण सीटवरून दोन बोटं वर. मागचा शॉकअप म्हणजे आपले पाय.

दाजी उभे राहत नाहीत. सहा फूट एक इंच उंची, वजन नव्वदच्या वर, आणि कंबर दुखते म्हणून बसूनच चालवतात. पठाराच्या मध्यावर आवाज परत सुरू झाला. आता स्पष्ट होता. मी त्यांच्या मागोमाग चालवत कान देऊन ऐकायला लागलो. एके ठिकाणी थोडा उतार होता, दाजींचे पाय थांबलेले, आणि तरी खड्ड्यात चाक गेलं की कट्. पेडल फिरत नसताना आवाज येत असेल तर त्यात बीबीचा दोष कसा?

"दाजी, जरा उभं राहून चालवा."

ते उभे राहिले. आवाज बंद. बसले की परत चालू.

म्हणजे सीट, सीटपोस्ट म्हणजे सीटचा दांडा, किंवा त्याच्या खाली. कुंभारवाडीच्या अलीकडं थांबून मी सीटचे बोल्ट आवळले, क्लॅम्प आवळला. फरक नाही. मग ओल्या फडक्यानं सायकल पुसायला घेतली. सकाळच्या दवात कालचा गुलाल भिजून फ्रेमवर ओघळला होता. टॉप ट्यूब जिथं सीट ट्यूबला, सीटखालच्या उभ्या नळीला, मिळते, त्या वेल्डच्या वरच्या कडेला एक गुलाबी रेघ होती. बाकी सगळीकडचा गुलाल निघाला, ती रेघ निघाली नाही. परत घासलं. निघाली नाही. केसाएवढी बारीक, दोन सेंटिमीटर लांब, वेल्डच्या कडेला धरून वाकलेली.

मी त्यावरून नख फिरवलं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. नख अडकलं.

कारखान्यात कास्टिंगला तडा शोधायला रंगीत द्रव लावतात. तो तड्यात शिरतो, वरून पुसला तरी आत राहतो. जोतिबाच्या गुलालानं तेच काम केलं होतं. पण रंगाला तडा जाणं वेगळं आणि धातूला जाणं वेगळं. कित्येकदा नुसता पेंट फुटलेला असतो आणि माणूस उगाच फ्रेम टाकून देतो. खात्री करायला हवी होती. दाजींना मी सांगितलं, "करपेवाडीपर्यंत बसून चालवायचं नाही. उतारावर हातात धरून न्यायची." ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी ऐकलं.

खोतवाडी आणि मंडलाईवाडीमधला टप्पा त्यामुळं फार हळू झाला. त्यात सरांच्या सायकलीचा मागचा गिअर बदलणारा डिरेलर दगडाला लागून आत वाकला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला तिथं मुद्दाम वेगळा, मऊ, बोल्टनं बसवलेला हँगर लावलेला असतो, डिरेलर त्यावर लटकतो. मोडायचाच तर तो मोडावा, फ्रेमचा कान नको. सरांनी जोडीला एक ठेवला होता. दहा मिनिटांत बदलला. हार्डटेल घेऊन रानात जाणाऱ्यानं आपल्या सायकलीचा हँगर सॅकमध्ये ठेवलाच पाहिजे. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा, मलकापुरात विचारून मिळणार नाही.

करपेवाडीत ज्यांच्या घरी उतरलो, तिथं चहा झाल्यावर मी मावशींना रॉकेल आहे का विचारलं. "थांबा, बघतो," म्हणत त्या आत गेल्या आणि बाटलीच्या तळाला दोन बोटं उरलेलं घेऊन आल्या. खडू सरांच्या सॅकमध्ये होता. ते फाट्याफाट्यावर बाण काढायला तो बाळगतात.

सायकल उलटी करून अंगणात ठेवली. चाकूच्या टोकानं रेघेच्या दोन्ही बाजूंचा पेंट हळूच खरवडला, उघडं ॲल्युमिनियम दिसेपर्यंत. त्यावर रॉकेलचा बोळा वीस मिनिटं धरून ठेवला. मग कोरड्या फडक्यानं अगदी चकचकीत पुसलं, आणि खडू कुस्करून त्याची भुकटी बोटानं लावली. पांढरी, कोरडी. घरातली दोन पोरं, मावशी, आम्ही चौघं, सगळे बॅटरीच्या उजेडात वाकून बघत होतो. पहिलं मिनिट काही नाही. मग खडूच्या मधोमध एक ओलसर टिपका उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. टिपके एकमेकांना मिळाले आणि बघता बघता एक करडी, किंचित गुलाबीसर रेघ खडूवर उठली. मघाशी दिसत होती त्याहून लांब. तडा धातूत होता.

भाच्यानं वडलांच्या तोंडाकडं पाहिलं.

मग मी सीटपोस्ट काढली, आणि कारण हातात आलं. पोस्टवर कमीत कमी इतकी आत असावी अशी एक रेघ कोरलेली असते. दाजींच्या पोस्टची रेघ तीन सेंटिमीटर बाहेर होती. जेमतेम सात सेंटिमीटर पोस्ट आत. सायकल मधल्या मापाची, दाजींना हवी होती मोठी. जिथून घेतली तिथं मोठी शिल्लक नव्हती, "पोस्ट वर घ्या, बसतंय" म्हणून त्यांना ती दिली होती. याचा मला अजून राग येतो. नव्वद किलोचा माणूस आणि लांब पोस्ट, ही एक पहारच झाली. पोस्टचं खालचं टोक टॉप ट्यूबच्या जोडाच्या खालपर्यंत गेलं असतं तर भार पूर्ण नळीवर पसरला असता. इथं ते बरोबर जोडाच्या आतच संपत होतं. प्रत्येक दणक्याला पहार त्याच वेल्डवर पडत होती.

रात्री चुलीपाशी दाजींनी विचारलं, "पाव्हणं, उद्यमनगरात आर्गन मारून घेऊया की. तुमची भट्टी हाय."

त्यांना जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न मला वर्षातून दहा जण विचारतात. ॲल्युमिनियमच्या बऱ्याच फ्रेम ६०६१-टी६ मिश्रधातूच्या असतात. टी६ म्हणजे तो कसा कडक केलाय त्याची खूण. नळ्या वेल्ड केल्या की वेल्डशेजारचा पट्टा मऊ पडतो, ताकद निम्म्याच्या आसपास येते. म्हणून कारखान्यात वेल्डिंगनंतर अख्खी फ्रेम साधारण ५३० अंशांच्या भट्टीत घालतात, तिथून काढून लगेच थंड करतात, सरळ करतात, आणि मग १७० अंशांच्या आसपास काही तास शेकतात. तेव्हा ती ताकद परत येते. ७००५ नावाच्या दुसऱ्या मिश्रधातूला पहिली मोठी भट्टी लागत नाही, शेवटचं शेकणं पुरतं. दाजींची ६०६१. आर्गन मारणारा गडी उत्तम वेल्ड करील, पण तो करताना शेजारचा पट्टा परत मऊ होणार. माझ्या भट्टीत घातली तर फोर्क, बेअरिंग, पेंट सगळं उतरवावं लागेल, आणि गरम फ्रेम पाण्यात गेली की पिळवटणार. ती सरळ करायचा साचा माझ्याकडं नाही. दीड-दोन मिलिमीटर भिंतीच्या नळीवर अंदाजानं काम करून त्यावर मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला बसवणार नाही.

"वडलांची बावीस इंची सायकल दोनदा मोडली," दाजी म्हणाले. "गावच्या गॅसवाल्यानं जोडली. अजून हाय."

ती पोलादाची. पोलादाचं एक आहे, ठरावीक मर्यादेच्या आतला भार तुम्ही कोट्यवधी वेळा दिलात तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान भारही ते मोजत राहतं. म्हणून चांगल्या फ्रेममध्ये नळ्या मुळातच गरजेपेक्षा जास्त ताठ आणि जोडाशी जाड ठेवतात. अशी फ्रेम कित्येक वर्षं पुरते, माझी फ्रेम त्याची साक्ष आहे. पण भार चुकीच्या जागी पडला तर फ्रेम आधी वाकून दाखवत नाही. बारीक आवाज करते आणि रेघ वाढवत जाते.

दाजी गप्प बसले. थोड्या वेळानं म्हणाले, "मग उद्या मी वडापनं येतो."

तिसरा दिवस : करपेवाडी, पांढरपाणी, पावनखिंड

सकाळी दाजींची सायकल वडाप जीपच्या टपावर बांधली. ते मलकापूरमार्गे पांढरपाण्याला येणार, आम्ही तिघं रानातून. निघताना भाचा म्हणाला, "पप्पा, माझी घ्या." दाजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि जीपमध्ये बसले.

आंबेवाडीच्या पुढं जंगल आहे. भातखाचरांचे बांध, ओढे, मग दाट सावली. सायकल चालवली किती आणि ढकलली किती याचा हिशेब केला तर ढकललीच जास्त निघेल. वजन कमी असल्याचा उपयोग इथं होतो. बांधावरून उचलून पलीकडं ठेवताना तेरा-चौदा किलोची हार्डटेल एका हातात येते. मधल्या एका उतारावर, पानं पडलेल्या लाल मातीत, दीड-दोन किलोमीटर अशी वाट मिळाली की तिघांनाही थांबावंसं वाटलं नाही. मागचं चाक कुठं सरकतंय ते हार्डटेलवर थेट अंगाला कळतं. त्या उताराच्या शेवटी सर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

पांढरपाण्याला दाजी आमच्या आधी पोचून झाडाखाली बसले होते. मलकापुरातून भजी आणि पाव घेऊन आलेले, कागद तेलानं पारदर्शक झालेला. सगळे मिळून खाल्लं आणि चालत पावनखिंडीत उतरलो.

डिसेंबरात खिंडीत पाण्याची नुसती धार असते. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये अंगाला लागेल एवढी अरुंद जागा. हिचं मूळ नाव घोडखिंड. बाजीप्रभू आणि बांदलांच्या सैन्यानं विशाळगडावरून तोफांचा आवाज येईपर्यंत ती अडवून धरली. पन्हाळ्याहून आम्ही दोन दिवसांत आलो तेवढं अंतर रात्रभर चिखलातून धावून आल्यावर ते लढले. सरांनी टोपी काढली. दाजी खालच्या दगडावर बराच वेळ बसून होते. तिथं आणखी काही लिहावं असं मला वाटत नाही.

परत वर येऊन एका छोटा हत्ती टेम्पोत चारही सायकली घातल्या. मलकापूर, बांबवडे, अंधार पडता पडता कोल्हापूर.

नंतरचा सोमवार : उद्यमनगर

कामाच्या दिवशी दुपारी दाजी फ्रेम घेऊन आले, सुटी केलेली. मी ती व्हाइसमध्ये धरून मागच्या बाजूनं हेक्सानं कापली आणि उरलेला भाग वाकवून तोडला, तडा आतून बघायला. तुटलेल्या कडेवर दोन रंग होते. आत्ता तुटलेला भाग साखरेसारखा दाणेदार आणि चमकता. तड्याचा भाग करडा, गुळगुळीत, त्यावर शिंपल्यासारख्या एकात एक कमानी. प्रत्येक कमान म्हणजे तडा कधीतरी थांबून परत पुढं सरकल्याची खूण. बाहेरच्या कडेला गुलालाचे कण अजून होते. नळीचा घेर अकरा सेंटिमीटर, करडा भाग साडेतीन. एवढ्या कमानी तीन दिवसांत होत नाहीत. दाजी कित्येक महिने त्याच्यावर बसून आंबा घाट, गगनबावडा करून आले होते.

त्यांनी तो तुकडा हातात घेऊन दारातल्या उजेडात फिरवून बघितला, आणि रुमालात बांधून खिशात ठेवला.

भाचा सोबत होता. त्यानं न सांगता बाहेर जाऊन आपल्या सायकलीची पोस्ट काढली, टेप मागितला. साडेनऊ सेंटिमीटर आत. मग फ्रेमला बाहेरून टेप लावून टॉप ट्यूबच्या खालच्या वेल्डपर्यंत मोजलं. नऊ. त्याच संध्याकाळी त्यानं ४०० मिलिमीटरची पोस्ट मागवली. ती आल्यावर कुठपर्यंत वर घ्यायची ते त्यानं पांढऱ्या पेंटनं तिच्यावर आखून ठेवलंय.